मोटर जळण्याआधी तारेचा हिशेब करा



ब्रह्मपुरी भागात धान निसवायला आलं, की बांधीत पाणी हवंच. नेमकी तेव्हाच मोटर जळाली, तर हाती आलेलं पीक जातं. दोष पुष्कळदा मोटरीचा नसून तारेचा असतो.

दीड अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर चालू असताना वायरमनकडून मोजून घ्या. समजा, मीटरजवळ दाब २३० व्होल्ट, मोटरीजवळ २०० व्होल्ट आणि प्रवाह १० अँपिअर भरला. म्हणजे वाटेत ३० व्होल्ट तारेनेच खाल्ले.

रोध = व्होल्ट ÷ अँपिअर = ३० ÷ १० = ३ ओहम
शक्ती = व्होल्ट × अँपिअर = ३० × १० = ३०० वॅट

हे ३०० वॅट नुसती तार तापवतात. दहा तासांत ३ युनिट वाया! शिवाय दाब पडला, की मोटर जादा प्रवाह ओढते. वाइंडिंग तापून जळतं.

उपाय असा: मेन स्विच बंद करून वायरमनकडून सांधे घट्ट करून घ्या. अडीचऐवजी त्याच धातूची सहा चौरस मिलिमीटरची तार घातली, तर रोध निम्म्याहून कमी होतो. मीटरजवळच दाब कमी भरला, तर मात्र वीज कार्यालयात कळवा.