चढउताराच्या बाजारात क्षेत्रांची निवड

बाजार कोसळतो तेव्हा सगळी क्षेत्रे सारखी कोसळत नाहीत, आणि सावरतानाही एकदम सावरत नाहीत. 23 मार्च 2020 रोजी सेन्सेक्स एका दिवसात सुमारे 13 टक्के घसरला. वर्षाअखेर औषध कंपन्यांचा निर्देशांक वर्षारंभापेक्षा निम्म्याहून अधिक वर होता. बँकांचा मात्र वर्षारंभाच्या पातळीखालीच राहिला. 2021 मध्ये माहिती तंत्रज्ञानाची चलती होती. 2022 मध्ये त्याच क्षेत्राचा निर्देशांक सुमारे पाव भागाने उतरला आणि कोणी फारसे विचारत नसलेल्या सरकारी बँका पुढे गेल्या. गेल्या वर्षी काय वाढले हे पाहून क्षेत्र निवडणे म्हणूनच महागात पडते.

पाहायचे ते मागणी कशावर हलते हे. पोलाद, सिमेंट, वाहने तेजीमंदीबरोबर वरखाली होतात. घरबांधणीला व्याजदर वाढला की झळ बसते. औषधे, साबण, खाद्यपदार्थ यांचा खप मंदीतही टिकतो. मात्र घाबरलेले सगळेच तिकडे धावतात आणि ते शेअर महाग होऊन बसतात.

जळगाव-धुळ्याच्या गुंतवणूकदाराला आणखी एक हिशेब करावा लागतो. इथे कापूस आणि केळीवर शेतकऱ्याचेच नव्हे, तर जिनिंगवाल्याचे, सराफाचे, कापड दुकानदाराचेही वर्ष ठरते. अशा घराने बचतही खते, बियाणे, ट्रॅक्टर आणि ग्रामीण कर्ज देणाऱ्या कंपन्यांत घातली, तर एकाच पावसावर दोनदा पैसे लावल्यासारखे होते. ओळखीचा धंदा समजायला सोपा असतो हे खरे, पण तेवढ्याने तो सुरक्षित ठरत नाही. ज्यांची कमाई खान्देशच्या पावसावर चालत नाही, अशी औषधनिर्यात किंवा सॉफ्टवेअरसारखी क्षेत्रे इथल्या घराला अधिक उपयोगी.

क्षेत्र बरोबर निवडले तरी कंपनी तपासावीच लागते. ठिबक सिंचनाच्या धंद्यातील जळगावच्या जैन इरिगेशनचे उदाहरण घरचेच आहे. ठिबक सिंचनाची गरज वाढतच होती. पण या धंद्यात सरकारी अनुदानाचा पैसा उशिरा येतो, येणी अडकतात आणि मधला काळ कर्जावर काढावा लागतो. कर्ज फुगले, 2019 मध्ये परतफेड थकली. 2018 च्या सुरुवातीला शंभरावर असलेला शेअर मार्च 2020 मध्ये दहा रुपयांखाली गेला. 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना झाली, पुढे परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करण्यात आला. ठिबकची मागणी या काळात कुठे गेली नव्हती. ताळेबंदात म्हणूनच नफ्याआधी कर्ज, येणी आणि हाती आलेली रोकड पाहावी.

एकाच क्षेत्रातील अनेक कंपन्यांत पैसे घालणारा सेक्टर फंड घेतल्याने कंपनी निवडण्याची अडचण हलकी होते, पण क्षेत्राची जोखीम सुटत नाही. अशा फंडाला किमान 80 टक्के रक्कम त्याच क्षेत्रात ठेवावी लागते, त्यामुळे मंदीत व्यवस्थापकाचेही हात बांधलेले असतात. नवख्याने मोठा भाग निर्देशांक फंडात ठेवावा, उरलेला तीन-चार वेगळ्या स्वभावाच्या क्षेत्रांत हप्त्याहप्त्याने घालावा. पेरणीचा आणि शाळेच्या फीचा पैसा यात धरूच नये.