मलिंदीचा मुक्काम

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडावा अशी रीत आहे, आणि माझ्या आधींच्या वक्त्यांनीं तो उत्तम मांडला आहे. पाया कधीं घातला, कौलें कोणीं दिलीं, घंटा कोठून आणिली, हें सर्व आपण ऐकलेंच. मजकडे विषय आला आहे तो संत फ्रान्सिस झेवियर यांच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचा. तो प्रवास तेरा महिन्यांचा, आणि मजजवळ वेळ थोडा. तेव्हां त्या तेरा महिन्यांतील अगदीं थोड्या दिवसांची एक हकीकत आपणांपुढें ठेवितों. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मलिंदी नांवाच्या शहरांत ती घडली.

वयाला पस्तीस वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, म्हणजे ७ एप्रिल १५४१ रोजीं, झेवियर लिस्बनहून निघाले. नवे गव्हर्नर मार्तिम आफोंसो द सौझा त्याच जहाजावर होते. त्या काळीं हिंदुस्थानाकडे येणाऱ्या तारवांचें सारें दैव वाऱ्याच्या हातीं असे. मार्च-एप्रिलांत लिस्बन सोडावें, आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास वळसा घालून जुलै-ऑगस्टांत मोझांबिक गांठावें, आणि नैर्ऋत्येचा वारा ओसरण्यापूर्वीं समुद्र ओलांडून गोव्यास लागावें, असा नेम होता. ज्यांस उशीर झाला, त्यांनीं मोझांबिकच्या रोगट बेटावर पुढील मोसमाची वाट पाहत सहा महिने काढावे. झेवियरांच्या वांट्यास तेंच आलें. तेथें ते इस्पितळांतील आजाऱ्यांची सेवा करीत राहिले, आणि स्वतःही आजारी पडले. १५४२ च्या आरंभीं गव्हर्नर दुसऱ्या जहाजानें पुढें निघाले, त्यांनीं झेवियरांस बरोबर घेतलें. मिसेर पावलो व मान्सिल्यास हे दोघे सोबती रुग्णांजवळ मागें राहिले.

हें जहाज किनाऱ्या-किनाऱ्यानें उत्तरेकडे जात असतां मलिंदीस थोडे दिवस थांबलें. हें शहर आजच्या केनिया देशांत, मोंबासाच्या ईशान्येस सुमारें सव्वाशें किलोमीटरांवर आहे. १४९८ च्या एप्रिलांत वास्को द गामा येथें आला, आणि येथूनच वाटाड्या घेऊन कालिकतास पोंचला. मलिंदीच्या राजाचें मोंबासाशीं वैर. म्हणून त्यानें पोर्तुगीजांशीं सख्य जोडिलें. वस्ती मुसलमानांची. खंबायतचें कापड येथें विकावयास येई, आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांची ये-जा नित्याची असे. तेव्हां ही जागा आपल्या किनाऱ्यास कांहीं अगदींच परकी नव्हती.

या मुक्कामाची हकीकत खुद्द संतांनीं लिहून ठेविली आहे. गोव्यास आल्यावर २० सप्टेंबर १५४२ रोजीं त्यांनीं रोम येथील आपल्या संघबंधूंस जें पत्र धाडलें, त्यांत ती आहे. मलिंदीस पोर्तुगीजांनीं उभारलेला मोठा दगडी क्रूस होता, त्यावर सोन्याचा मुलामा होता, आणि परमुलखांत तो पाहून मनास केवढें समाधान वाटलें तें त्यांनीं लिहिलें आहे. जहाजावरील एक मनुष्य मरण पावला होता, त्यास तेथें मूठमाती दिली. ख्रिस्ती लोक आपल्या मृतांस किती आदरानें पोंचवितात, हें पाहून गांवचे मुसलमान प्रसन्न झाले. ज्यांचा देव आपणांहून निराळ्या नांवानें पुजिला जातो, अशा माणसांनीं एका अनोळखी मनुष्याची मूठमाती पाहून प्रसन्न व्हावें, ही गोष्ट मला त्या मुलाम्याच्या क्रूसाहून मोठी वाटते.

आणि मग तो प्रश्न. शहरांतील एक प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थ झेवियरांकडे आला. त्यानें विचारलें, तुमचे लोक तुमच्या देवळांत वारंवार जातात काय? प्रार्थनेंत त्यांचें मन असतें काय? या शहरांत सतरा मशिदी आहेत, परंतु त्यांपैकीं तिहींतच लोक जातात, आणि तेही मोजकेच. आमची भक्ति हरपली आहे. तुम्हां ख्रिस्ती लोकांचेंही असेंच झालें आहे काय? एवढें मोठें अनिष्ट ओढवावयास आमच्या हातून कांहीं मोठें पाप घडलें असलें पाहिजे, असें त्यास वाटत होतें.

हा गृहस्थ कोण, त्याचें नांव काय, हें पत्रांत नाहीं. परंतु त्याची योग्यता पाहा. १५०५ मध्यें पोर्तुगीजांनीं शेजारचें मोंबासा लुटून जाळलें होतें, ही गोष्ट त्या किनाऱ्यावर कोणी विसरलें नव्हतें. त्याच पोर्तुगीजांच्या जहाजांतून उतरलेल्या धर्मगुरूकडे हा जातो, आणि आपल्या घराची व्यथा झांकून न ठेवितां सांगतो. परक्यापुढें आपल्या उणिवा कबूल करावयास धैर्य लागतें. महोत्सवाच्या दिवशीं तर फारच लागतें.

झेवियरांनीं त्यास काय उत्तर दिलें? अश्रद्धांच्या प्रार्थनेंत देवास संतोष नाहीं, म्हणूनच त्यानें ती तुमच्यांतून नाहींशी होऊं दिली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय. बराच वाद झाला. गृहस्थाचें समाधान झालें नाहीं, हेंही त्यांनीं प्रांजळपणें नमूद केलें आहे. संतांविषयीं पूर्ण पूज्यभाव राखून मी म्हणतों कीं माझेंही झालें नाहीं. तें उत्तर त्या शतकाचें होतें. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें आपल्या घोषणापत्रांत सांगितलें कीं, मुसलमान एका जिवंत देवाची भक्ति करितात, प्रार्थना, दानधर्म व उपवास यांस मान देतात, म्हणून ख्रिस्तसभा त्यांजकडे आदरानें पाहते. मात्र त्या गृहस्थाच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग, जो आपणां ख्रिस्ती लोकांविषयीं होता, त्याचें उत्तर मला त्या पत्रांत आढळत नाहीं. ज्या युरोपांतून झेवियर निघाले, तेथें १५१७ पासून ख्रिस्तसभा दुभंगत चालली होती. प्रश्न सोपा नव्हताच.

त्या गृहस्थाच्या सतरा मशिदी उभ्या होत्या, आणि भक्ति आटली होती. आपल्या वसईस उलट घडलें. १५४८ मध्यें संत झेवियर ज्या वसईस आले, तिच्या किल्ल्यांतील येशूसंघी, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन देवळें एके काळीं वैभवांत होतीं. १७३९ मध्यें किल्ला मराठ्यांनीं जिंकला. आज त्यांतील बहुतेक देवळांच्या नुसत्या भिंती दिसतात. वर आकाश, आंत गवत. परंतु बाहेर वाड्यावाड्यांतून संध्याकाळची जपमाळ थांबली नाहीं. छप्पर गेलें आणि प्रार्थना राहिली. आपलें देऊळ तर नुकतेंच रंगविलें आहे, बांकें नवीं आहेत. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेस त्यांतील किती भरतात, हें माझ्याहून आपण अधिक जाणतां. आणि मागच्या दारापाशीं उभे राहणारे तरुण तर नक्कीच जाणतात.

मलिंदीहून जहाज सोकोत्रा बेटास लागलें. तेथील लोक स्वतःस संत थोमाचे ख्रिस्ती म्हणवीत. त्यांच्या पुजाऱ्यांस लिहितां-वाचतां येत नसे; ज्या भाषेंत ते प्रार्थना म्हणत, ती त्यांस कळत नसे. ती खाल्डी असावी असा झेवियरांचा तर्क. घंटा नव्हत्या. आपण पवित्र आठवड्यांत घंटा मुक्या असतां लांकडी खटखट वाजवितों, तसे ते लांकडें वाजवून लोकांस बोलावीत. आणि लोक येत, दिवसरात्र मिळून चार वेळां. त्यांतील एक वेळ मध्यरात्रीची. झेवियरांस तेथेंच राहावें असें फार वाटलें, परंतु गव्हर्नरांनीं मोडता घातला. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले, आणि थोड्याच दिवसांत हातांत एक लहानशी घंटा घेऊन, मुलांस व चाकरमाणसांस हांका मारीत, रस्त्यांतून फिरूं लागले.