लहान रणगाड्याचा छंद

दिवाळीचे दिवस आले कीं महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या अंगणांत मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, विटा, गोणपाट आणि चिखल यांचा डोंगर होतो. त्यावर आळीव पेरतात. पायथ्याशीं बाजार भरतो, माथ्यावर सिंहासन बसतें आणि बुरुजावर मावळे पहारा करतात. या किल्ल्यांत मावळा दरवाज्याहून उंच असतो, पण त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. मग एखाद्या वर्षीं एखादा मुलगा विचारतो, "आजोबा, हा मावळा या दरवाज्यांतून आंत जाईल कसा?" त्या प्रश्नाबरोबर खेळणें संपतें आणि प्रतिकृति सुरू होते. आजचा विषय अशाच एका छंदाचा आहे. चिलखती लढाऊ वाहनांच्या, विशेषतः रणगाड्यांच्या, लहान पण प्रमाणबद्ध प्रतिकृति करण्याचा हा छंद होय.

किल्ल्यावरून रणगाड्यावर एकदम उडी घेतल्यासारखें कोणास वाटेल. परंतु या दोहोंमध्यें एका शब्दाचा पूल आहे. गडावर खडक खोदून पाणी सांठविण्यासाठीं जी जागा करीत तिला टाकें म्हणतात. इंग्रजींतील 'टँक' या शब्दाचें नातें कोशकार गुजराती टांकी आणि मराठी टाकें यांच्याशीं लावतात. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं हें नवें वाहन बांधावयास घेतलें, तेव्हां शत्रूला सुगावा लागूं नये म्हणून पाण्याच्या टाक्या तयार होत आहेत अशी बतावणी करण्यांत आली, आणि तेंच नांव पुढें कायम झालें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें, सोमच्या रणांगणावर, हें वाहन प्रथम लढाईंत उतरलें. आपला शब्द असा सातासमुद्रांपलीकडे जाऊन, लोखंडी अंगरखा घालून परत आला.

या वाहनाला चाकांवरून फिरणारा लोखंडी पट्टा कां लागतो, हें परभणी जिल्ह्यांतील मुलाला पुस्तकावांचून समजतें. जिंतूर, पाथरी, गंगाखेड या बाजूची काळी जमीन पावसाळ्यांत बैलगाडीचें चाक आंसापर्यंत गिळते. चाकाचा सारा भार हातभर जागेवर पडतो म्हणून तें रुततें. तोच भार लांबरुंद पट्ट्यावर वांटला गेला तर गाडी चिखलावरून निघून जाते. अमेरिकेंतील शेतांवर पट्ट्याचे ट्रॅक्टर रणगाड्याच्या आधींच चालत होते, आणि रणगाडा करणारांच्या डोळ्यांपुढें तें उदाहरण होतें. म्हणजे हा शेतीच्या औताचाच लांबचा नातेवाईक आहे. ज्याला हें उमगलें तो प्रतिकृति करतांना पट्टा ताणून बसवीत नाहीं. खऱ्या पट्ट्याला स्वतःचें वजन असतें. तो वरच्या बाजूस चाकांच्या मध्यें किंचित् झोळ घेतो. तेवढा झोळ आला कीं हलकें प्लॅस्टिक लोखंडासारखें दिसूं लागतें.

छंदाचा खरा प्राण प्रमाणांत आहे. बहात्तरांत एक हें प्रमाण कसें सोयीचें आहे तें पाहावें. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हां सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. पस्तिसांत एक या प्रमाणाचा जन्म मात्र गणितांत झाला नाहीं. १९६० च्या दशकाच्या आरंभीं जपानांतील शिझुओका येथील तामिया कंपनीनें पँथर नांवाच्या जर्मन रणगाड्याची प्रतिकृति काढली. ती विजेऱ्यांवर चालावी म्हणून विजेऱ्या आणि मोटर पोटांत मावतील एवढा आकार ठरविण्यांत आला. मागाहून मोजून पाहतां तें प्रमाण सुमारें पस्तिसांत एक निघालें, आणि आज जगांतील पुष्कळसे छांदिष्ट तेंच प्रमाण पाळतात.

येथें शाळेंतील त्रैराशिक उपयोगी पडतें. भारतीय सैन्यांत दीर्घ काळ वापरलेला सेंच्युरियन रणगाडा घ्यावा. त्याची रुंदी जवळजवळ ३४० सेंटिमीटर, म्हणजे प्रतिकृतींत ९.७ सेंटिमीटर. बुरुजाच्या पुढील अंगाचें पोलाद १५२ मिलिमीटर जाड. तें येथें सव्वाचार मिलिमीटरांच्या आसपास येतें. सर्वांत गंमत वजनाची आहे. लांबी पस्तिसाव्या हिश्शानें उतरली तर आकारमान पस्तिसाच्या घनानें, म्हणजे ४२,८७५ पटींनीं उतरतें. पन्नास टनांचा हा रणगाडा त्याच पोलादाचा केला, तरी सव्वा किलोच्या आंत भरेल! वर्ग आणि घन यांतील भेद जो मुलगा फळ्यावर तीनदां विसरतो, तो हा हिशेब एकदां करून आयुष्यभर लक्षांत ठेवतो. आणखी एक गोष्ट तो शिकतो. प्रतिकृतींतील एक मिलिमीटराची चूक म्हणजे खऱ्या वाहनावर साडेतीन सेंटिमीटरांची चूक. "चालेल एवढें" म्हणण्याची संवय येथें चालत नाहीं.

सामान दोन तऱ्हांनीं मिळतें. तयार पेटी आणली तर सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात. ते कापावे, कानसावे, आणि प्लॅस्टिकला किंचित् विरघळवून सांधणाऱ्या पातळ गोंदानें चिकटवावे. परंतु या पेट्या महाग असतात आणि लहान गांवीं सहसा मिळत नाहींत. तेथें पुठ्ठा, आइसक्रीमच्या काड्या, बाटल्यांचीं झांकणें आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी यांवर काम भागतें. लेखणीच्या रिकाम्या कांडीची तोफ होते. गरिबींतून साधलेली ही प्रतिकृति पुष्कळदां अधिक शिकविते, कारण तिच्यांत प्रत्येक माप स्वतः शोधावें लागतें. रंग देतांना एकच हात मारून थांबत नाहींत. मूळ रंग वाळल्यावर पातळ काळसर रंग खांचांत सोडतात. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें कडा उजळतात. शेवटीं ज्या भूमीवर वाहन चाललें तिची धूळ बसवितात. पंजाबच्या शेतांत लढलेल्या गाडीवर परभणीची काळी माती लावली तर जाणता माणूस हंसेल.

पण कागदावरील मापांनीं सर्व कळत नाहीं. एकदां तरी मूळ वस्तु पाहावी लागते. सुदैवानें ती महाराष्ट्रांतच आहे. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी, मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, सेंच्युरियन आणि युद्धांत हातीं लागलेला पॅटन असे नाना प्रकार तेथें उघड्यावर मांडलेले आहेत. पुठ्ठ्याचा रणगाडा करणारा मुलगा त्यांच्यापुढें उभा राहतो तेव्हां तोफेच्या लांबीपेक्षां दुसऱ्याच एका गोष्टीनें स्तब्ध होतो. ती म्हणजे आंत शिरण्याचें झांकण. एवढ्या अवाढव्य लोखंडांत माणसासाठीं ठेवलेली वाट इतकी अरुंद!

त्या वाटेनें आंत गेलेल्या दोघांच्या कथा आपल्या भूमीशीं जोडलेल्या आहेत. परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें. रणगाड्यांसह मुख्य दळ सोलापुराहून नळदुर्गाच्या वाटेनें निघालें, आणि १७ तारखेस निझामानें शरणागति पत्करली. त्या वेळीं संस्थानच्या लान्सर्स रिसाल्यांत अर्देशीर तारापोर नांवाचे मुंबईंत जन्मलेले, पुण्यास शिकलेले अधिकारी होते. विलीनीकरणानंतर ते भारतीय सैन्याच्या पूना हॉर्स या रिसाल्यांत आले. १९६५ च्या सप्टेंबरांत सियालकोटच्या आघाडीवर तेच त्या रिसाल्याचें नेतृत्व करीत होते. जखमी झाल्यावरहि त्यांनीं मागें जाण्याचें नाकारलें. १६ सप्टेंबर रोजीं त्यांचा रणगाडा पेटला आणि त्यांना वीरमरण आलें. सहा वर्षांनीं, १६ डिसेंबर १९७१ रोजीं, त्याच रिसाल्याचे अरुण खेत्रपाल बसंतरच्या लढाईंत पडले. त्यांचा जन्म पुण्याचा आणि वय अवघें एकवीस. रणगाडा जळत असतां त्यांस तो सोडण्याचा हुकूम झाला. पण तोफ अजून चालत होती म्हणून त्यांनीं तो सोडला नाहीं. दोघांनाहि मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें. दोघांचेहि रणगाडे सेंच्युरियन होते. खेत्रपालांच्या रणगाड्याचें नांव 'फामागुस्ता'. तो अहमदनगर येथें जतन केलेला आहे.

पुष्कळ आईबापांना हा छंद आवडत नाहीं. लहान वयांत शस्त्रांचें वेड कशाला, असें ते म्हणतात, आणि त्यांची काळजी निराधार नाहीं. बाजारांतील खेळण्याच्या रणगाड्यांत माणूस नसतो. त्यामुळें तो कितीहि वेळां पेटला तरी कोणी मरत नाहीं. प्रमाणबद्ध प्रतिकृतीची गोष्ट निराळी आहे. जो मुलगा फामागुस्ता करावयास बसतो, त्याला बुरुजांत तिघांची आणि पुढें चालकाची अशा चार जागा मोजाव्या लागतात. पांच सेंटिमीटरांहूनहि लहान असा माणूस घडवून तो त्या झांकणांतून आंत बसतो कीं नाहीं हें पाहावें लागतें. तो बसतो, पण चटकन् बाहेर निघत नाहीं, हेंहि त्याच वेळीं बोटांना कळतें. शौर्य म्हणजे काय, हें त्यापेक्षां स्पष्ट कोणतें पुस्तक सांगणार?

म्हणून या दिवाळींत किल्ला करतांना घरांतील मुलानें दरवाज्याचें माप विचारलें, तर वडील माणसांनीं त्याला हंसूं नये. पट्टी द्यावी, आणि त्याच्या शेजारीं बसून मावळा दरवाज्यांतून जातो कीं नाहीं हें आपणहि पाहावें.