दगडावरचे आकडे

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

"आबा, उद्या आपण दफनभूमीत खजिना शोधायला जायचं," असं माझ्या नऊ वर्षांच्या नातवानं सांगितलं, तेव्हा मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. माझी सारी नोकरी भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून गेली. गुप्तधनाच्या नादानं रातोरात खणलेले खड्डे मी कितीतरी शिवारांत पाहिलेत. अमावास्या, लिंबू, कुंकू, कोंबडं, सगळं पाहिलंय. पण कॅनडात, मुलाच्या घरी, नातवाच्या तोंडून हे ऐकेन असं वाटलं नव्हतं.

माझा मुलगा ऑन्टॅरिओ प्रांतात किचनर गावी असतो. सून तिथलीच, मेनोनाइट घराण्यातली. ती हसून म्हणाली, "बाबा, खणायचं काही नाही. हा खेळ आहे."

खेळाचं नाव जिओकॅशिंग. त्याचा जन्म फार जुना नाही. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणारा तिचा संदेश मुद्दाम बिघडवून सोडलेला असे, त्यामुळे शंभरेक मीटरची चूक सहज व्हायची. मे 2000 च्या सुरुवातीला अध्यक्ष क्लिंटन यांच्या सरकारनं हा बिघाड काढून टाकला. लगेच 3 मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगॉन राज्यात एक बादली झाडीत ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना म्हटलं, शोधा. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा आहेत.

डब्यात सोनंनाणं नसतं. एक वही असते. सापडला की त्यात नाव नि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून द्यायचा. कधी आत बिल्ले, खेळणी असतात. एखादी वस्तू उचलली, तर त्या मोलाची दुसरी ठेवायची. डबा जमिनीत पुरायचा नाही, हा तर नियमच. आमच्या गुप्तधनवाल्यांना तो कोणीतरी शिकवायला हवा!

दफनभूमीतला खेळ सगळ्यांना रुचतो असं नाही. 2005 साली साउथ कॅरोलिना राज्यात त्यावर बंदी आणण्यासाठी विधेयक आलं होतं. त्याचा कायदा झाला नाही, पण आक्षेप खोटा नव्हता. माझ्याही मनात तोच होता. गेलेल्यांच्या अंगावर कसला खेळ करायचा?

तरी गेलो. किचनरच्या बाहेर शेतांच्या मधोमध छोटी जागा होती. लाकडी कुंपण, दोन मेपलची झाडं आणि झिजलेले पांढरे दगड.

या मंडळींची गोष्ट थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकात युरोपात काही लोक म्हणू लागले की, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला देऊ नये. जाणत्या माणसानं तो समजून उमजून घ्यावा. शस्त्रही हाती धरू नये. 1525 साली झुरिकमध्ये ही चळवळ उभी राहिली. तिच्यातल्या फेलिक्स मान्झला 1527 साली नदीत बुडवून मारलं. पुढे मेनो सिमन्स या डच धर्मगुरूच्या नावावरून त्यांना मेनोनाइट म्हणू लागले. छळाला कंटाळून कित्येक जण पेनसिल्व्हेनियात गेले आणि 1800 च्या सुमाराला तिथून घोड्यांच्या छपरी गाड्यांत संसार भरून ग्रँड नदीकाठी आले.

इथं माझ्यातला भूकरमापक जागा झाला. त्यांनी रिचर्ड बीझ्ली नावाच्या व्यापाऱ्याकडून जमिनी घेतल्या, आणि नंतर कळलं की सगळी जमीन गहाण! सातबाऱ्यावरचा बोजा न पाहता व्यवहार केला तर आपल्याकडे जे होतं, तेच. अखेर पेनसिल्व्हेनियातल्या भाईबंदांनी कंपनी काढली, पैसे उभे केले आणि 1805 साली साठ हजार एकर जमीन मोकळी करून घेतली. त्याही आधीचा धागा आहे. या नदीच्या दोन्ही तीरांना सहा-सहा मैल जमीन 1784 साली सिक्स नेशन्सच्या मूलनिवासींना दिलेली होती. तो वाद आजही मिटलेला नाही. जमिनीचं दप्तर कुठल्याही देशात उघडा, आत कोणाचं तरी दुःख असतंच.

आमच्या खेळात चार दगड शोधायचे होते. त्यांवरचे आकडे सूत्रात घातले की डब्याच्या जागेचे शेवटचे आकडे मिळणार होते. डबा मात्र कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला होता. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. 33 फुटी साखळी ओढत मी आयुष्य काढलं. इथं एका मिनिटाच्या हजाराव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर जेमतेम 1.85 मीटर. खरं सांगतो, मला मजा वाटू लागली.

तेवढ्यात नातू एका आडव्या दगडावर चढून बसला. मी ओरडलो. अगदी गावच्या आवाजात ओरडलो. पोरगं घाबरून उतरलं. "मी गाडीत बसतो. मला हा खेळ नको," असं म्हणून मी फाटकाकडे वळलो.

सून मागून आली. ती रागावली नव्हती. म्हणाली, "बाबा, तो बसला ते चुकलंच. मी सांगते त्याला. पण चौथा दगड तरी पाहून जा."

चौथा दगड गुडघ्याएवढा होता. जर्मन अक्षरं निम्मी पुसलेली. कोड्यात एवढंच म्हटलं होतं की, दिवसांचा आकडा घ्या. सुनेनं वाचून दाखवलं. मुलीचं नाव, आणि खाली वय: 1 वर्ष, 2 महिने, 9 दिवस. जुन्या मेनोनाइट दगडांवर असं दिवसांपर्यंत वय कोरायची रीत होती. आडनाव सुनेच्या आजोळचं होतं. तिच्या पणजोबांच्या वडिलांची ती धाकटी बहीण.

नातवानं विचारलं, "दिवस कशाला लिहिले?"

सून म्हणाली, "वर्षं फार नव्हती ना तिच्याजवळ. म्हणून दिवसही मोजले."

मी काही बोललो नाही. माझी आई म्हणायची, "आठ महिने अकरा दिवसांची होती." ती माझी पाठची बहीण, ठकी. आमच्याकडे तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावी प्रवरेच्या काठी वडिलांनी तिला ठेवलं. वर दगड नाही, खूण नाही. मी उभ्या जिल्ह्याचे हद्दीचे दगड मोजले, पण ती जागा मला दाखवता येणार नाही. आई होती तोवर ते अकरा दिवस तिच्या तोंडी राहिले. आई गेली, त्यालाही वीस वर्षं झाली.

सून हळूच म्हणाली, "बाबा, या मुलीच्या दगडापुढे गेल्या शंभर वर्षांत कोण थांबलं असेल? आज हा थांबला."

मी नातवाला जवळ घेतलं आणि दगडावरचा शेवाळ काढायला जाणारा त्याचा हात तेवढा धरला. जुने दगड घासायचे नसतात, अक्षरं जातात. मग त्यानं नऊचा आकडा सूत्रात घातला. डबा कुंपणाबाहेरच्या खांबामागे सापडला. वहीत नातवानं स्वतःचं नाव लिहिलं नि पेन माझ्याकडे दिला. मी देवनागरीत सही केली.

परत आल्यावर महिन्याभरात मी नाशिकला रामकुंडावर गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यांकडे घराण्यांच्या नामावळ्या असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गाव आणि आडनाव सांगितलं, त्यांनी चोपडी काढली. माझ्या आजोबांची मोडीतली सही होती. वडिलांची होती. त्यांच्या मुलांत माझं नाव होतं. ठकीचं नव्हतं.

मी म्हटलं, "गुरुजी, एक नाव घालायचंय." त्यांनी विचारलं, "कधी गेल्या?" मी साल सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग न बोलता चोपडी माझ्यापुढे सरकवली.

मी नाव लिहिलं. पुढे लिहिलं: वय आठ महिने, अकरा दिवस.

सुनेला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं की, पुढच्या वर्षी नातू येणार आहे, त्याला ते पान स्वतः शोधायचंय. मी त्याला फक्त गाव आणि आडनाव सांगणार आहे.