ई-मेलची किल्ली आणि तिची राखण

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ग्रामपंचायतीचा गोल शिक्का कपाटात कुलपाखाली असतो. तो कोणी मागावयास आला तर त्याला दहा प्रश्न विचारले जातात आणि रात्री कार्यालय बंद करताना तो जागेवर आहे ना, याची खात्री करून घेतली जाते. त्याच कार्यालयातील संगणकाच्या पडद्याला मात्र एक कागदाची चिठ्ठी डकवलेली असते आणि तिच्यावर ई-मेलचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेला असतो. शिक्क्याने एका वेळी एकच कागद प्रमाणित होतो, पण त्या चिठ्ठीवरील शब्दाने काय काय उघडते, याचा हिशेब मांडण्याचा आज माझा विचार आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपन्यांचा आहे, आपल्या वऱ्हाडाचा नाही, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच विभागातील यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात, शेंदुरसनी नावाचे सुमारे दीड हजार वस्तीचे गाव आहे. नागरी नोंदणी प्रणालीत या एका ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे २०२५ च्या डिसेंबरात उघडकीस आले. दीड हजार माणसांच्या गावात एवढी बालके जन्मास येणे शक्य नाही, हे सांगावयास गणितज्ञ नको. पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि विशेष तपास पथक नेमले गेले. प्रणालीचा दरवाजा परक्या हातांनी कसा उघडला, हे शोधणे तपास यंत्रणेचे काम आहे व त्याविषयी मी अंदाज बांधणार नाही. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, एका लहान ग्रामपंचायतीच्या प्रवेश-खात्याला केवढी किंमत आहे. खोटा शिक्का मारून सत्तावीस हजार दाखले तयार करावयाचे तर पुष्कळ काळ जाईल.

आता ई-मेलचा याच्याशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. शाळेची माहिती भरावयाची असो, वेतनाची देयके असोत, अनुदानाचा अर्ज असो की बँकेचे खाते असो, बहुतेक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात काय?' अशी एक ओळ असते. ती दाबली की नवा पासवर्ड ठरविण्याचा दुवा आपल्या ई-मेलवर येतो. म्हणजे ज्याच्या हाती ई-मेल, त्याला बाकीच्या खोल्यांच्या किल्ल्या चोराव्या लागत नाहीत. पुष्कळ खात्यांच्या बाबतीत त्या मागितल्यावर त्याच्या हाती आणून दिल्या जातात. म्हणून अन्य पासवर्डांविषयी थोडी ढिलाई परवडली तरी ई-मेलच्या पासवर्डाविषयी ती परवडणारी नाही.

हा पासवर्ड चोर कसा मिळवितो? तो फोडून काढावा लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो बहुधा आपण स्वतःच त्याला सांगतो. या फसवणुकीला इंग्रजीत जे नाव १९९० नंतरच्या दशकात पडले, ते मासे पकडण्याच्या शब्दावरूनच घेतलेले आहे. आपल्या भाषेत गळाला लागणे हा वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना आहे. पूर्णा किंवा वर्धा नदीच्या काठी गळ टाकून बसणारा माणूस माशाच्या मागे धावत नाही. माशाला जे हवे तेच तो गळाला लावतो आणि स्वस्थ बसतो.

ते आमिष कोणते, हे दिनदर्शिकेवरून ओळखता येते. मार्चअखेर जवळ आली की 'निधी परत जाईल, तात्काळ लॉगिन करा' असा ई-मेल येतो. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्याचा येतो. विवरणपत्रांच्या दिवसांत शिक्षकांना प्राप्तिकराच्या परताव्याचा येतो. कापसाच्या हमीभाव खरेदीसाठी २०२५ पासून शेतकऱ्यांना 'कपास किसान' या मोबाईल प्रणालीवर नोंदणी करावी लागू लागली. जेथे हजारो लोक एखाद्या संदेशाची खरोखरच वाट पाहत असतात, तेथे खोटा संदेश खपविणे सोपे जाते. आपण मूर्ख असतो म्हणून फसत नाही. आपण त्या संदेशाची अपेक्षा करीत असतो आणि घाईत असतो म्हणून फसतो.

पूर्वी असे सांगितले जाई की, अशुद्ध लेखनावरून खोटे पत्र ओळखावे. २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर वळविण्याचा प्रयत्न झाला. त्याची सुरुवात नोकरीच्या खोट्या अर्जाचे ई-मेल पाठवून झाली होती. एका आदेशात 'फाउंडेशन' हा शब्द चुकीचा लिहिला गेल्यामुळे मधल्या बँकेला संशय आला आणि २ कोटी डॉलर वाचले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समार्गे गेलेच. आज त्या चुकीवर विसंबता येत नाही, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कोणाही भामट्याला शासकीय परिपत्रकाच्या थाटाचे स्वच्छ मराठी काही क्षणांत लिहून देतात. (आपली काही खरी परिपत्रकेच अधिक अशुद्ध असतात, हा भाग निराळा.)

तेव्हा भाषा न पाहता पत्ता पाहावा आणि तो उजवीकडून वाचावा. आपल्या टपालाच्या पत्त्याचेच उदाहरण घ्या. वडगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याची गणती नाही. म्हणून टपाल खाते गावाच्या नावावर थांबत नाही. शेवटी लिहिलेला तालुका आणि जिल्हा कोणता, हे पाहते. संकेतस्थळाच्या पत्त्यातही पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा अगदी शेवटचा भाग हाच त्याचा जिल्हा समजावा. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांचे पत्ते 'जीओव्ही डॉट इन' असे संपतात. भामटा 'अमरावती', 'जीओव्ही', 'इन' हे सारे शब्द घेतो, पण त्यांच्यापुढे आणखी काहीतरी जोडून शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट टॉप' असे टाकतो. गावाचे नाव ओळखीचे आणि जिल्हा परका, अशी ही गंमत आहे. ई-मेल पाठविणाऱ्याचेही तसेच. वर ठळक अक्षरांत 'शिक्षणाधिकारी' असे दिसते, पण ते नाव कोणालाही लावता येते. पाहावयाचे ते त्यामागचे पूर्ण पत्र-पत्ता. मोबाईलवर तो लपलेला असतो, म्हणून नावावर बोट ठेवून तो उघडून पाहावा.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हे काम काहीसे सोपे केले आहे. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेवटाखाली न्यावीत, असे निर्देश तिने दिले. हा शेवट बँकेखेरीज कोणाला दिला जात नाही.

आणि तरीही मी आपणास आग्रहाने सांगेन की, पत्ता तपासण्याच्या कौशल्यावर फार भिस्त ठेवू नका. २०१६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत एका उमेदवाराच्या प्रचारप्रमुखास, जॉन पोडेस्टा यांस, 'तुमचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला आहे, तो तात्काळ बदला' असा ई-मेल आला. त्यांच्या कार्यालयाने तो संगणकतज्ज्ञाकडे पाठविला. तज्ज्ञाला 'खोटा' लिहावयाचे होते. लिहिले गेले 'खरा'. त्याच उत्तरात पासवर्ड बदलण्याचा खरा पत्ता त्याने दिलेला होता, पण दाबला गेला तो मूळ ई-मेलमधलाच दुवा. ऑक्टोबरपासून ती सारी पत्रे जगजाहीर झाली. म्हणून सवय अशी लावावी की, पैसा, पासवर्ड किंवा खाते बंद होण्याची भाषा ज्यात आहे, त्या ई-मेलमधून आत जावयाचेच नाही. ठाऊक असलेला पत्ता स्वतः टंकलिखित करून जावे, नाहीतर संबंधित कार्यालयास आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करावा. ई-मेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे.

परवलीच्या शब्दाविषयी आता थोडे. गडाच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारण्याची रीत आपल्याला जुनी आहे. संगणकावर ती १९६१ च्या सुमारास अमेरिकेच्या एम.आय.टी. या संस्थेत आली आणि पुढच्याच वर्षी तेथील एका संशोधकाने अधिक वेळ संगणक वापरता यावा म्हणून सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून घेतली! चोरी आणि कुलूप यांचे वय जवळजवळ सारखेच आहे.

आपल्याकडे पासवर्ड ठरविण्याची पद्धत ठरलेली: गावाचे नाव, पुढे 'अॅट' चे चिन्ह आणि १२३. दर तीन महिन्यांनी बदलण्याची सक्ती केली की १२३ चे १२४ होते. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१७ मध्ये हीच गोष्ट मान्य करून ठराविक मुदतीने पासवर्ड बदलण्याचा आणि चिन्हांच्या सक्तीचा जुना आग्रह सोडला. तिचा भर लांबीवर आहे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकापुढे एक लिहिले तर ते लक्षात राहतात आणि फोडावयास कठीण जातात. मात्र ई-मेलचा पासवर्ड दुसरीकडे कोठेही वापरू नये. २०१२ मध्ये लिंक्डइन या संस्थेकडील पासवर्ड चोरीस गेले आणि २०१६ मध्ये ११ कोटी ७० लाख खात्यांची माहिती विक्रीस आली. असा साठा हाती पडला की चोर तीच जोडी ई-मेलवर आणि बँकेवर लावून पाहतो.

यापुढची पायरी द्विस्तरीय पडताळणीची. पासवर्ड गेला तरी दुसरी खूण मागितली जाते, मग ती मोबाईलवरील अंक असो की 'होय' दाबण्याची सूचना. गूगलने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मोबाईलवर आलेल्या अंकांनी घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के प्रयत्न अडविले, पण एखाद्या व्यक्तीवर नेम धरून केलेल्या हल्ल्यांपैकी ७६ टक्केच. बाकीचे का अडले नाहीत? खोट्या पानावर आपण ते अंकही लिहितो आणि चोर त्याच क्षणी ते खऱ्या पानावर भरतो. सुरक्षा-किल्ली नावाचे छोटे उपकरण वापरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र त्या पाहणीत एकही प्रयत्न साधला नाही, कारण ते उपकरण संकेतस्थळाचा पत्ता स्वतः पडताळते. माणसाचा डोळा फसला तरी ते फसत नाही. त्याच तत्त्वावरील 'पासकी' साध्या मोबाईलवरही मिळू लागली आहे. तिला स्वतंत्र खर्च नाही. येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्याजवळ कार्यालयाच्या ई-मेलची जबाबदारी आहे, त्यांनी ती याच आठवड्यात सुरू करून घ्यावी.

खरी अडचण मला आपल्या कार्यालयीन रीतीत दिसते. शाळेचे खाते कोणी तरी हौशी शिक्षकाने आपल्या मोबाईल क्रमांकावर उघडलेले असते. पुढे त्याची बदली दर्यापूरहून धारणीस होते आणि शाळेच्या खात्याची पुनर्प्राप्ती त्याच्याच क्रमांकावर राहते. तो क्रमांक त्याने बंद केला, तर दूरसंचार नियमांप्रमाणे ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणासही मिळू शकतो. ग्रामपंचायतीत कार्यभार देताना दप्तर, नमुने १ ते ३३, शिक्के, चाव्या यांची यादी होते, उभयतांच्या सह्या होतात. त्या यादीत ई-मेल खाते, पुनर्प्राप्तीचा क्रमांक व डिजिटल स्वाक्षरीचे साधन यांना तीन ओळी असाव्यात. आलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. सरपंचाची डिजिटल स्वाक्षरी संगणक परिचालकाच्या खणात ठेवण्याची प्रथा तर ताबडतोब थांबली पाहिजे. त्या परिचालकावर अविश्वास दाखविण्याचा यात हेतू नाही. उद्या काही घडले तर त्या गरीब माणसाला आपली बाजू सिद्ध करता यावी, हाही त्यात विचार आहे.

समजा, एवढे करूनही किल्ली गेली. लाजेने गप्प बसू नये. दुसऱ्या खात्रीच्या यंत्रावरून पासवर्ड बदलावा, सर्व यंत्रांवरील चालू प्रवेश बंद करावेत आणि नंतर 'सेटिंग' मध्ये जाऊन पत्रे आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठविण्याची सूचना चोराने लिहून ठेवलेली नाही ना, हे पाहावे. ही सूचना तशीच राहिली तर नव्या पासवर्डाचा काही उपयोग होत नाही, कारण पत्रांची प्रत त्याला मिळतच राहते. पैसा गेला असल्यास बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळविण्यास तासाचाही विलंब करू नये. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठविता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे झालेले नुकसान बँकेस कळवीपर्यंत ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, अशी विभागणी केलेली होती.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ६६-क प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड किंवा डिजिटल स्वाक्षरी लबाडीने वापरणे व ६६-ड प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे, हे तीन वर्षांपर्यंत कारावासास व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र आहे. तक्रार करताना पुष्कळजण तो ई-मेल संतापाने पुसून टाकतात आणि केवळ त्याचे छायाचित्र पोलिसांना दाखवितात. छायाचित्रात पत्र कोठून कोठून फिरत आले, याची नोंद नसते. ती मूळ पत्राच्या मथळ्यात असते. म्हणून ते पत्र खात्यात जसेच्या तसे राहू द्यावे आणि तपास अधिकाऱ्यास तेथेच उघडून दाखवावे.