भीमगीतांचे रसिक आणि त्यांची जबाबदारी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्यासमोर गाण्याविषयी बोलायचे आहे. आम्ही गायकही नाही आणि वादकही नाही. आम्ही केवळ ऐकणारे आहोत. जयंतीच्या मंडपात सतरंजीवर बसून पहाटेपर्यंत गायन पार्टी ऐकलेली माणसे, एवढीच आमची ओळख. परंतु ऐकणाऱ्यांचेही काही कर्तव्य असते, हे आम्हांला फार उशिरा कळले. ते का कळले, हे सांगण्यासाठीच आज उभे आहोत.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी गाणे ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने हा एकच मुलूख आहे. वाळवा, तासगाव, खानापूर हा सारा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सरकारदरबारी सीमा आखली गेली, पण कृष्णाकाठच्या रसिकांनी ती कधी मानली नाही. कराडकडे कार्यक्रम असला की इस्लामपूरची माणसे येत आणि मिरजेत सामना असला की साताऱ्याची माणसे एस.टी. पकडून जात. कार्यक्रमाची बातमी आठवड्याच्या बाजारात कळायची, स्टँडवर कळायची, नाहीतर मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी रजेवर आला म्हणजे कळायची. तो येताना केवळ कपडे आणि खाऊ आणत नसे. बी.डी.डी. चाळीत ऐकलेले नवे गाणेही तो घेऊन येई आणि वस्तीतल्या पोरांना ते रात्रीतून पाठ होई. आज हीच बातमी मोबाइलवर क्षणात पोहोचते. साधन बदलले, ओढ तीच आहे.

या मुलखाला गाण्याची परंपरा मोठी आहे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे आपली जात मागे टाकून तमाशाच्या फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्यांच्या फडातील पवळा हिवरगावकर ही महार समाजातील कलावती त्या काळी महाराष्ट्रभर गाजली. वाईजवळच्या पसरणीत १९२३ साली शाहीर साबळे जन्मले. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी ‘जहरी प्याला’ या वगातून दोन पिढ्यांना हसवले. ही सारी नावे आपण अभिमानाने घेतो.

परंतु विद्यार्थी मित्रांनो, येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पठ्ठे बापूरावांनी पवळेसह येऊन महाडच्या लढ्याला तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही, अशी आठवण चळवळीत सांगितली जाते. बाबासाहेबांना गाण्याचा तिटकारा होता, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या समाजातील स्त्रीला नाचवून मिळालेल्या पैशावर स्वाभिमानाची चळवळ उभी राहू शकत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. कला समाजाचीच होती, कलावंतही समाजाचेच होते. मात्र त्या कलेवर इतरांची मालकी होती आणि तिची बिदागी अपमानात मोजली जात होती. हे बदलणे आवश्यक होते.

ते काम जलशांनी केले. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या विचाराच्या प्रचारासाठी पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, गण, गवळण, बतावणी, वग, पण आतला ऐवज बदलला. त्यांच्या मागोमाग आंबेडकरी जलसे आले. नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या जलशाचे नाव त्यात अग्रभागी आहे. शृंगाराच्या जागी शिक्षण आले, विनोदात सावकार आणि भटजी सापडले, आणि ढोलकी-तुणतुण्यावर पाणवठ्याचा व मंदिराचा प्रश्न उभा राहिला. अक्षर न ओळखणाऱ्या माणसाला चवदार तळे कशासाठी, हे जलशाने समजावले. कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, म्हणून निदान आज आपल्याला त्यांचे स्वरूप ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, असे किती जलसे गावोगावी असतील आणि काळाच्या उदरात गडप झाले असतील!

आपल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांचे नाव येथे घेतलेच पाहिजे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यात जन्मलेला हा मुलगा आई-बापाबरोबर पायी मुंबईला गेला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांनी तमाशाचे लोकनाट्य केले आणि गणात देवाच्या जागी मातृभूमीला वंदन केले. बाबासाहेबांना उद्देशून त्यांनी लिहिलेले गीत आज प्रत्येक जयंतीत गायले जाते. ‘फकिरा’ ही वारणेच्या खोऱ्यातील कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटनही त्यांनीच केले.

आणि वामनदादा! १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि हजारो गीते लिहून १५ मे २००४ रोजी गेले. गावोगावी फिरून, मिळेल ती भाकर खाऊन त्यांनी बाबासाहेब घराघरांत नेले. जुन्या शाहिरांप्रमाणे वामनदादाही शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. त्याला नाममुद्रा म्हणतात. कवीजवळ छापखाना नव्हता, प्रकाशक नव्हता. त्याची सही म्हणजे ते शेवटचे कडवे.

आता आम्ही आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गायकाच्या घरात आढ्यापर्यंत पाणी होते. पाणी ओसरल्यावर भांडीकुंडी निघाली, अंथरूण-पांघरूण निघाले आणि एक लोखंडी ट्रंक निघाली. तिच्यात त्यांच्या गाण्यांचे बाड होते. उभ्या आयुष्यात ज्या-ज्या गायकांकडून, कवींकडून गीते मिळाली, ती सारी त्यांनी शाईच्या पेनाने वह्यांमध्ये उतरवून ठेवली होती. वह्या वाळवल्या, पण पानांवर निळे डाग तेवढे उरले. शासनाने पंचनामा केला. घराची भिंत लिहिली गेली, धान्य लिहिले गेले. बाड कोणत्याच रकान्यात बसले नाही. त्या बाबांनीही ते सांगितले नाही. सांगून काय करणार, असे ते म्हणाले.

पुढे हिवाळ्यात आम्ही काही श्रोते त्यांच्या ओट्यावर जमू लागलो. प्रत्येकाने आठवेल ते गाणे सांगायचे आणि शाळेत जाणाऱ्या मुलींनी ते नव्या वहीत उतरवायचे, असा क्रम ठरला. त्या वेळी मोठी गंमत झाली. एकच गीत साताऱ्याकडचा श्रोता एका प्रकारे सांगे आणि मिरजेचा दुसऱ्या प्रकारे. “तुम्ही चुकता दादा, त्या रात्री त्यांनी असे म्हटलेच नव्हते,” असा वाद होई. कोणत्या सालच्या जयंतीला, कोणत्या गावी, ढोलकीवर कोण होते, पेटी कोणी धरली होती, इथपर्यंत आठवणी निघत. एका म्हातारीने तर चुलीपुढे गुणगुणत असलेले संपूर्ण गीत काना-मात्रेसह सांगितले. तिला आजवर कोणी विचारलेच नव्हते.

बरीच गीते अशा रीतीने परत मिळाली. परंतु काही मिळाली नाहीत. एक गीत असे आहे, की त्याची चाल आम्हा सर्वांना येते, ध्रुवपद येते, दोन कडवी येतात, पण शेवटचे कडवे कोणालाच येत नाही. कारण कार्यक्रमात वेळ संपत आला की गायक शेवटचे कडवे गाळीत आणि आम्ही टाळ्या वाजवीत असू. ते कडवे गेले आणि त्याबरोबर कवीचे नावही गेले. आज ते गीत अनाथ आहे. तो कोणी शेतमजूर असेल, गिरणी कामगार असेल, कदाचित आपल्याच तालुक्यातला असेल. त्याचे नाव पुराने नेले नाही, बंधूंनो. ते आम्ही श्रोत्यांनी आधीच घालवले होते.

येथे आमची चूक आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. कार्यक्रमात कोणी दहा रुपये बक्षीस दिले, तर गायक गाणे थांबवून देणाऱ्याचे नाव पुकारतो. आम्हीही ते नाव ऐकण्यासाठी नोटा दिल्या आहेत. दहा रुपये देणाऱ्याचे नाव माइकवर येते आणि ज्याने रक्त आटवून गीत लिहिले, त्याचे येत नाही. पुढे कॅसेटचा जमाना आला. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर कॅसेटचे ढीग विकले गेले, घरोघरी भीमगीते पोहोचली, हे उपकार मोठे आहेत. पण अनेक वेष्टनांवर गायकाचा फोटो मोठा आणि गीतकाराचे नाव मुंगीएवढे. आम्ही कॅसेट घेतली, वेष्टन फेकून दिले.

याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी संगीत सभा होते. खाँसाहेबांना जाऊन १९३७ पासून इतकी वर्षे झाली, तरी तेथील जाणकार श्रोता कोणत्या साली कोणी कोणता राग गायला, हे सांगतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हांला त्याचा आनंदच आहे. मात्र मनात प्रश्न येतो, की आमच्या ढोलकीची, आमच्या गायन पार्टीची आठवण तितक्याच निष्ठेने कोण ठेवणार? ते काम दुसरा कोणी येऊन करणार नाही.

नोंदीचे मोल काय असते, हे विलास घोगरे यांच्यावरून समजावे. मुंबईच्या झोपडपट्टीतील या शाहिराचे गाणे आनंद पटवर्धन यांनी १९८५ सालच्या ‘हमारा शहर’ या चित्रपटात टिपून ठेवले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात १० जणांचा बळी गेला आणि ते दुःख सहन न होऊन चारच दिवसांनी घोगरे यांनी जीवन संपवले. माणूस गेला, पण आवाज टिपलेला होता म्हणून राहिला आणि पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ या चित्रपटातून जगभर पोहोचला. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूर येथे कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. त्यांचा आवाजही आपल्याजवळ आहे. पण वस्तीतल्या लहान गायकाचा आवाज कोणाजवळ आहे?

म्हणून मंडळापुढे आम्ही काही सूचना ठेवतो. पहिली, यापुढे आपल्या मंडपात प्रत्येक गीतापूर्वी गीतकाराचे नाव सांगितले जावे आणि शेवटचे कडवे गाळले जाऊ नये. दुसरी, जयंतीच्या वर्गणीतून ध्वनिवर्धकांच्या भिंतीवर होणारा खर्च कमी करून गायन पार्टीला योग्य मानधन द्यावे, आणि ते कार्यक्रमाच्या आधी, हातात. पहाटे चार वाजता वादकाला पैशासाठी ताटकळत ठेवणे हे पंचशील मानणाऱ्यांना शोभत नाही. तिसरी, ज्या भगिनी गातात, त्यांना कोरसात मागे न बसवता पुढे माइक द्यावा. चौथी, मंडळाने एक नोंदवही ठेवावी. तारीख, गाव, गायक, वादक, गायलेली गीते, गीतकार, एवढेच लिहावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, पण गायकाची परवानगी घेऊन, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. कृष्णामाई एकाच वेळी सर्व गावांत येत नाही.

ही नोंदवही विद्यार्थ्यांनी सांभाळावी, अशी आमची इच्छा आहे. विद्यार्थी मित्रांनो, साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये जुने रजिस्टर जपून ठेवलेले आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यात भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव लिहिले गेले. तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ज्या कारकुनाने ते नाव लिहिले, त्याला हा मुलगा पुढे कोण होणार, हे ठाऊक नव्हते. त्याने फक्त आपले काम नीट केले. आपणही कोणाचे नाव लिहितो आहोत, हे आज आपल्याला कळणार नाही. तरी लिहावे.

त्या वृद्ध गायकाच्या नव्या वहीत एक पान आम्ही कोरे सोडले आहे. ते त्या हरवलेल्या कडव्याचे आहे. आज सभागृहात सातारा-सांगलीच्या अनेक गावांतून आलेली माणसे बसली आहेत. सभा संपल्यावर आम्ही त्या गीताची चाल म्हणून दाखवणार आहोत. कोणाच्या आजीला, कोणाच्या वडिलांना ते कडवे येत असेल, तर त्यांना विचारून या. मंडळाचे दार उघडे आहे.



जय भीम! जय भारत!