डिझेल ट्रकची नाडीपरीक्षा

भिलाईचे नाव उच्चारताच प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो तो तेथील पोलादाचा कारखाना. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिजापासून येथे रेल्वेचे रूळ, जाड पत्रे आणि सळया तयार होतात. मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी दुर्ग जिल्ह्याच्या राज्याची राजधानी नागपूर हीच होती. भिलाईतून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा अशी गावे मागे टाकीत आजही नागपुरास पोहोचतो. या अडीचशेहून थोड्या अधिक किलोमीटरांच्या वाटेवर पोलादाने लादलेल्या ट्रकांची रीघ रात्रंदिवस चालू असते.

अशा एखाद्या ट्रकाची कल्पना करावी. भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीतून तो सळया भरून निघतो. भरधाव चालताना त्याची काही तक्रार नसते. परंतु नाक्यावर वेग कमी झाला, की इंजिन लंगडू लागते, सारी केबिन थरथरते आणि एखादे वेळी ते एकाएकी बंद पडते. क्षणभराने पुन्हा सुरू होते आणि पुढील शंभर किलोमीटर विनातक्रार चालते. गॅरेजात नेले तर मिस्त्रीसमोर अगदी सालसपणे धडधडत राहते. नित्य दिसणारा दोष सापडतो. येणारा-जाणारा दोष मात्र माणसाचा अंत पाहतो.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नव्हे. हवेच्या ब्रेकांना हवा पुरविणारा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो. इंजिन थांबले की टाकीत साठलेली हवा थोडाच वेळ पुरते. पॉवर स्टिअरिंगही तत्काळ जड होते. उतारावर, मागे पंधरा-वीस टन पोलाद असताना हे घडले, तर चालकाच्या आणि समोरून येणाऱ्यांच्या जिवावर बेतते. शिवाय निदान चुकले तर खर्च वाढत जातो. आज नोझल बदलले, उद्या पंप उघडला, परवा दुसरेच काही, आणि दोष जेथल्या तेथे. ज्याचा प्रपंच एका ट्रकावर चालतो, त्याचे अशाने कंबरडे मोडते.

दोषाचे मूळ समजण्यासाठी यंत्राचे तत्त्व ध्यानी घेतले पाहिजे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगीला स्थान नाही. सिलिंडरात शिरलेली हवा दट्ट्या सुमारे सोळा ते वीस पट दाबतो. त्या दाबाने ती इतकी तापते, की तीत तेलाचा सूक्ष्म फवारा पडताच तो पेट घेतो. म्हणजे पुरेशी दाबलेली हवा आणि योग्य क्षणी, योग्य मात्रेत आलेले निर्मळ तेल एवढ्या दोनच गोष्टी या इंजिनाला हव्या असतात. इंजिन मंदगतीने, ज्याला गॅरेजात ‘स्लो’ म्हणतात त्या गतीने, चालत असताना तेलाची ही मात्रा अत्यल्प असते. मिनिटाला सहाशे फेऱ्या घेणारे सहा सिलिंडरांचे इंजिन एका मिनिटात अठराशे वेळा तेल मागते, आणि प्रत्येक वेळी त्याला मिळते ते जेमतेम एका थेंबाचा अंश. एवढ्याशा मात्रेत हवेचा एक बुडबुडा आला, तरी तो घास चुकतो. तेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाचा सारा जोर बुडबुडा आवळण्यातच संपतो आणि नोझल उघडतच नाही. भार ओढताना तेल अधिक वाहते, म्हणून तोच बुडबुडा पचून जातो. स्लोमध्येच इंजिन का लंगडते, याचे एक उत्तर येथे आहे.

यास्तव जाणता मिस्त्री पान्याला हात घालण्यापूर्वी प्रश्न विचारतो. वैद्याने रोग्याची दिनचर्या विचारावी तसा हा प्रकार आहे. दोष सकाळी येतो की दुपारी? टाकी भरलेली असताना येतो की अर्धी झाल्यावर? स्लोमध्ये येतो की चढावर? बंद पडलेले इंजिन तत्काळ सुरू होते की थंड झाल्यावरच? धूर पांढरा की काळा? या प्रत्येक उत्तराने शोधाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

टाकी अर्धी झाल्यावरच दोष येत असेल, तर टाकीत उभ्या असलेल्या शोषण-नळीला वर कोठे तरी चीर असावी. तेलाची पातळी चिरेच्या वर असेतो तिच्यातून तेलच आत येते. पातळी खाली गेली की हवा येऊ लागते. तासभर चालल्यावर इंजिन गुदमरत असेल, तर टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्र तपासावे. ते धुळीने बुजले, की तेल उपसले जाते परंतु त्याच्या जागी हवा येत नाही. झाकण उघडताच फुस्स असा आवाज झाला आणि इंजिन सुरळीत झाले, तर दोष सापडला असे समजावे. कधी टाकीत पडलेली चिंधी किंवा कचऱ्याचा तुकडा नळीच्या तोंडाशी ओढला जातो. इंजिन बंद पडले की ओढ संपते, तुकडा खाली बसतो आणि मिस्त्री येईतो सारे आलबेल असते! उन्हाळ्याच्या भर दुपारी तापलेले इंजिन स्लोमध्ये बंद पडत असेल आणि थंड झाल्यावरच सुरू होत असेल, तर पंपातील भाग झिजल्याची शंका घ्यावी. तापलेले तेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून निसटते. उलट, थंडीच्या पहाटे पांढरा धूर सोडीत थरथरणारे आणि गरम होताच सुधारणारे इंजिन सिलिंडरातील दाब कमी झाल्याची खूण दाखविते. पावसाळ्यात तेलात शिरलेले पाणी हे तर जुनेच दुखणे. फिल्टरच्या तळाचा खटका सोडून ते प्रथम काढून टाकावे.

हवा शिरण्याची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पाण्याचा नळ गळला तर खाली थेंब दिसतो. परंतु टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. तेथील सैल जोडातून तेल बाहेर पडण्याऐवजी हवा आत जाते. म्हणून जोड कोरडा आहे, तस्मात् तो निर्दोष आहे, हे अनुमान चुकते. हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. फीड पंपाच्या पुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडावा. बुडबुडे डोळ्यांनाच दिसतात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वच्छ तेलाचा एक डबा उंचावर ठेवून त्यातून इंजिनाला थेट तेल द्यावे. इंजिन सुधारले तर दोष टाकी व नळी यांत. न सुधारले तर तो पुढे फिल्टर, पंप अथवा नोझल यांत. एका डब्याने अर्ध्या यंत्रावरील संशय फिटतो.

तेलमार्ग निर्दोष ठरल्यावरच पुढे जावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात स्लो चालू असता एकेका नोझलच्या नळीची नट अर्धा फेरा सैल करून पाहतात. जो सिलिंडर काम करीत असतो त्याची नट सैल होताच इंजिनाचा स्वर बदलतो. ज्याची सैल करूनही स्वर बदलत नाही, तोच आळशी. मग त्याचे नोझल काढून चाचणी-यंत्रावर फवारा पाहावा. नोझल ठीक असेल तर व्हॉल्व्हची फट आणि दाब मोजावा. हे सारे झाल्यावरच पंपाकडे वळावे, कारण पंप उघडणे हे सर्वांत खर्चाचे आणि सर्वांत नाजूक काम आहे. येथे एक मोह टाळला पाहिजे. इंजिन बंद पडते म्हणून स्लोचा स्क्रू आवळून गती वाढविण्याची रीत आढळते. त्याने लक्षण झाकले जाते. दोष तसाच राहून अडचणीच्या जागी पुन्हा प्रकट होतो.

१ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज सहा हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि ट्रकांच्या इंजिनांचे रूप बदलले. कॉमन रेल पद्धतीत तेलाचा दाब दीड हजार वातावरणांच्याही पुढे जातो. या दाबाचा फवारा त्वचा भेदून शरीरात शिरतो. म्हणून नट सैल करण्याची जुनी युक्ती येथे सर्वथा वर्ज्य आहे. आता संगणक स्वतःच दोषांची नोंद ठेवतो आणि मिस्त्री तपासणीचे यंत्र जोडून ती वाचतो. दोषही नवे आहेत: काजळीने अडकलेला ई.जी.आर. व्हॉल्व्ह, उष्णतेने चुकणारा फेऱ्यांचा सेन्सर, चासीवर घासून उघडी पडलेली वायर. तथापि संगणकाची नोंद हा पुरावा असतो, निर्णय नव्हे. ‘रेलमधील दाब कमी’ असे पडद्यावर उमटले, तरी तो पंपामुळे कमी झाला, चोंदलेल्या फिल्टरमुळे की टाकीच्या बुजलेल्या छिद्रामुळे, हे पडदा सांगत नाही. तेथे पुन्हा तेच जुने प्रश्न विचारावे लागतात.

यात सर्वांत उपयोगी साक्ष असते ती चालकाची. दिवसाचे बारा-बारा तास तो या यंत्राच्या सान्निध्यात घालवितो आणि त्याच्या स्वरातील बारीक फरक त्याला प्रथम जाणवतो. ट्रक केव्हा, कोठे, किती तेल असताना आणि किती भारानिशी बंद पडला, हे त्याने एका लहान वहीत टिपून ठेवले, तर चार-सहा नोंदींतच दोषाची चाल उघडी पडते. येणारा-जाणारा दोष लहरी वाटतो. वास्तविक तो नियमानेच वागतो आणि तो नियम अशा नोंदींतून हाती लागतो. तो एकदा हाती लागला, की दहा-वीस रुपयांच्या तांब्याच्या वॉशरनेही कधी कधी काम भागते आणि सळयांनी भरलेला ट्रक वेळेवर नागपुरास पोहोचतो.